फरशी पुलावर चाळीस सेंटिमीटर

पोहऱ्याची दोरी, दोरीला बांधलेला धोंडा आणि अंगात मावेनासा राग... एवढं सामान घेऊन मी त्या सकाळी स्कूटीवरून फरशी पुलावर गेले होते. मला नदी मोजायची होती.

हा पूल आमच्या कोल्हारच्या वरच्या अंगाला, चार किलोमीटरवर. उंच कमानी नाहीत, कठडा नाही, प्रवरेच्या पात्रात नुसता बसकण मारून बसलेला. कार्तिक संपत आला होता. धुकं इतकं की पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं, आणि दवाने फरशी निसरडी झालेली. मी कडेला उकिडवी बसले, धोंडा सोडला, तळ लागला तशी दोरी वर ओढली आणि ओला भाग वितीने मोजला. बरोबर दोन विती.

"किती आलं?"

धुक्यातून आवाज आला. पुलाच्या दुसऱ्या कडेला कुणीतरी माझ्यासारखंच उकिडवं बसलं होतं.

"चाळीस," मी म्हणाले. विचारलं की उत्तर द्यायची शाळेपासूनची खोड.

"सेंटिमीटर?"

"नाही, कोस!"

तो हसला. उठून दोन पावलं पुढे आला तेव्हा दिसला. उंच, सावळा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात आकडे कोरलेली लोखंडी पट्टी आणि पाठीवर भलीमोठी सॅक.

"माझंही चाळीसच आलं," तो म्हणाला.

"मग परवा त्या मशीनवाल्याच्या मशीनने दोन मीटर ऐंशी कसं दाखवलं? दोन ऐंशी पाणी असतं तर आत्ता इथे आपल्या गळ्याला लागलं असतं!"

"मशीनने नाही दाखवलं. मशीन चाळीसच सांगतंय, आत्ताच बघितलं मी." त्याने पुलाच्या टोकाला खांबावर बसवलेल्या पेटीकडे बोट केलं. "दोन ऐंशी दाखवलं ते त्या स्क्रीनवाल्या बाईनं."

मी दोरी गुंडाळली. अगदी सावकाश.

"स्क्रीनवाली बाई म्हणजे मी."

त्याने पट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग पुन्हा पहिल्या हातात घेतली.

"...आणि मशीनवाला म्हणजे मी."

तर हा होता ए. गर्जे. तीन महिने आम्ही एकमेकांना मेल लिहीत होतो, आणि त्याचं प्रत्येक उत्तर चार शब्दांचं असायचं, 'माझ्या बाजूने ठीक आहे.' मीही काही कमी नव्हते. माझ्या प्रत्येक मेलचा शेवट 'कृपया तपासून बघावे' असा असायचा, आणि त्या 'कृपया'त कृपा औषधालाही नव्हती. तो नगरच्या एमआयडीसीत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बसायचा, मी कोल्हारला घरून काम करायचे. फोन उचलून बोलावं तर दोघांनाही कमीपणा वाटायचा. आणि आज दोघंही गुपचूप, एकमेकांची चूक पकडायला, भल्या पहाटे एकाच पुलावर आलो होतो.

आमची कंपनी म्हणजे राजेश्वरी मॅडमची. पुलाला पेटी लावायची, पेटीने नदीची पातळी मोजायची, पाणी दीड मीटरपर्यंत चढलं की खालच्या गावातल्या शेतकऱ्यांचे फोन वाजवायचे. पेटीच्या आतलं काम गर्जेचं. पेटीतून आलेले आकडे वाचणं, दाखवणं आणि फोन वाजवणं हे माझं. अकोले, संगमनेर आणि हा फरशी पूल, अशा तीन पेट्या लावल्या होत्या.

ही कल्पना मी मॅडमच्या मागे लागून उचलून धरली, कारण आदल्या वर्षी आमची पाणी उपसायची मोटार वाहून गेली होती. आमच्याकडे मोटारी नदीच्या पात्रातच टाकतात. धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं आणि वेळेत कळलं नाही, तर मोटार, पाईप, केबल सगळं नदी घेऊन जाते. आमचा अर्धा गहू तेव्हा जागच्या जागी वाळला. अण्णा, म्हणजे माझे वडील मच्छिंद्र, नुसते रोज बांधावर जाऊन उभे राहायचे. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी गावाला शब्द दिला होता, यापुढे कोल्हारची एकही मोटार जाणार नाही.

आणि परवा पहाटे पाच वाजता गावातले एक्केचाळीस फोन वाजले. 'पाणी येतंय, मोटारी काढा.' माणसं थंडीत, डोहातल्या कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मोटारी दोराने ओढून, खांद्यावर घेऊन काठावर आणल्या. सगळे वाट बघत बसले. दिवस वर आला, पाणी काही आलं नाही. ते आवर्तन कालव्यांचं होतं. अकोल्याच्या पुलाखालून गेलेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यापाशी कालव्यांत वळलं, आमच्या वाट्याला थेंबही आला नाही. कारभारी तात्या आपल्या मोटारीवर बैठक मारून बसले होते. मला बघून म्हणाले, "संस्कृती, पानी बसनं येतंय का चालत?"

अख्खा काठ हसला. अण्णा तेवढे हसले नाहीत.

मॅडमनी सांगून टाकलं होतं. पौषात नदीला पाणी सोडणार आहेत, तेव्हा शेवटची संधी. पुन्हा चुकलं तर तिन्ही पेट्या काढून आणायच्या. आणि पेट्या निघाल्या असत्या तर माझा शब्द, अण्णांची मान, सगळंच खाली गेलं असतं.

पुलाजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. बाकावर दोन लॅपटॉप उघडले. सॅक मात्र त्याने पाठीवरच ठेवली होती.

"हे बघा," तो म्हणाला, "परवा पहाटे पाचला अकोल्याच्या पेटीचा आकडा किती होता?"

मी बघितलं. "दोन मीटर ऐंशी."

मी दोन्ही आकडे पुन्हा ताडून बघितले.

"म्हणजे अकोल्याचा आकडा फरशी पुलाच्या नावावर आला," मी म्हणाले. "तुमच्या पेट्यांची अदलाबदल..."

"माझ्या पेट्या दगडासारख्या जागेवर आहेत. अदलाबदल मधे कुठेतरी झाली. मला सांगा, माझ्याकडून तुमच्या हातात काय पडतं?"

"एक पुडकं. स्ट्रक्चर. त्यात पुलाचं नाव, आकडे किती आहेत ते, आणि पॉइंटर."

"पॉइंटर म्हणजे?"

"माझी परीक्षा घेताय?"

"नाही हो. तुम्ही काय समजून चालता ते बघतोय."

"पॉइंटर म्हणजे पत्ता. पुडक्यात आकडे नसतात. आकडे मेमरीत कुठे ठेवलेत, त्या जागेचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर जायचं आणि आकडे बघायचे."

"बरोबर. मग तुम्ही जाता कधी?"

"जाते की. तिन्ही पुलांची पुडकी आधी घेऊन ठेवते, मग निवांत एकेकाच्या पत्त्यावर जाते."

त्याचा कप ओठांपाशी थांबला.

"आधी तिन्ही घेता?"

"हो. का?"

"कारण तोवर मी जागा सोडलेली असते."

मला कळेना. त्याने बाकावरची बशी माझ्यासमोर सरकवली, तिच्यात चिमटीभर साखर टाकली. "ही बशी म्हणजे मेमरीतली जागा. तुम्ही फरशी पुलाचे आकडे मागितले, मी या बशीत ठेवले, तुम्हाला बशीचा पत्ता दिला. मग तुम्ही अकोल्याचे मागितले. मला वाटलं, आधीचं काम झालं. मी बशी पुसली," त्याने बोटाने साखर झटकली, "आणि अकोल्याचे आकडे त्याच बशीत ठेवले. आता तुम्ही फरशी पुलाचा पत्ता शोधत आलात तर..."

"...अकोला भेटणार."

"अकोलाच भेटणार."

वर्कशॉपमध्ये आम्ही चाचणी घेतली तेव्हा पेटी एकच होती. त्या जागेवर राहायला दुसरं कुणी येतच नव्हतं, म्हणून आकडे न चुकता बरोबर यायचे. तीन पूल झाले आणि घोळ सुरू झाला.

"पण तुम्हाला जागा सोडायला सांगितलं कुणी?" माझा आवाज चढलाच. "माझ्या भाषेत असलं काही नसतं. मी वस्तू ठेवते, ती ठेवल्या जागी राहते. माझं त्या वस्तूशी काही काम उरलं नाही, की मग मागून झाडणारा येतो आणि पसारा आवरतो. त्याला मॅनेज्ड म्हणतात, मॅनेज्ड!"

"माझ्या भाषेत झाडणारा नाही. ज्याचा पसारा त्यानं आवरायचा." तो रिकाम्या बशीकडे बघत होता. "आणि सांगायला कशाला पाहिजे? काम झालं की जागा मोकळी करून द्यायची, हे काय सांगावं लागतं का? आमी पाथर्डीकडचे. आई-बाप मिळून एक कोयता, ऊसतोडीत जोडीला तसंच म्हणत्यात. दसरा झाला की टायरगाडीत संसार भरायचा आणि ऊसतोडीला निघायचं. उसाचा फड तोडून संपला की राहायची कोपी मोडायची, तिची जागा झाडून द्यायची आणि पुढच्या फडावर. उगं रेंगाळायचं न्हाई, तिथं दुसरं कुणी यायचं असतं. बारावीपर्यंत मला कुणी पत्ता विचारला तर मी विचारायचो, कोणत्या महिन्यातला सांगू?"

बोलता बोलता त्याची भाषा गावाकडची झाली होती. ती मला त्याच्या मेलपेक्षा फार आवडली.

मग मी माझं सांगितलं. आमचं घर पणजोबांपासून नदीकाठच्या त्याच बांधावर. पाकिटावर नुसतं 'मच्छिंद्र, नदीकाठ' लिहिलं तरी पोस्टमन आणून देतो. एखाद्या पत्त्यावर जावं आणि तिथे भलतंच कुणी राहत असावं, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणून मी पत्ता घेऊन खुशाल निवांत बसले. ज्याने आयुष्यभर जागा सोडली आणि जिने कधीच सोडली नाही, अशा दोघांनी एक काम वाटून घेतलं, तर दुसरं काय होणार होतं?

"चूक दोघांची," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून सहसा निघत नाही.

"माझी थोडी जास्त," तो म्हणाला. हेही तो सहसा म्हणत नसावा, कारण त्याचे कान लाल झाले.

त्याच बाकावर आम्ही करार केला. मी पत्ता मिळाल्या मिळाल्या जाणार, आकडे उचलून माझ्या घरात आणणार आणि मग त्याला कळवणार, 'सोडा.' आणि तो?

"तुम्ही सांगेपर्यंत जागा सोडायची नाही," तो म्हणाला.

"कितीही वेळ लागला तरी?"

त्याने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "कितीही वेळ लागला तरी."

बोलणं मेमरीचं चाललं होतं. मग मी रिकामा कप पुन्हा तोंडाला कशाला लावावा?

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. नगरहून एसटीने कोल्हारला, तिथून माझ्या स्कूटीवर मागे बसून फरशी पुलावर. मधे ती सॅक असायचीच. पाण्याची पातळी पट्टीने मोजायची, स्क्रीनवर ताडून बघायची, पुन्हा मोजायची. तिन्ही पुलांचे आकडे आता आपापल्या नावावर शहाण्यासारखे बसत होते. दुसऱ्याच शनिवारी काम संपलं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

चौथ्या शनिवारी आम्ही पुलावर पाय सोडून पेरू खात बसलो होतो. गव्हाच्या शेतांवरून गार वारा येत होता.

"एक विचारू?" मी म्हणाले. "हे आकडे तर नगरला बसूनही दिसतात."

"दिसतात."

"मग इथवर येता कशाला?"

त्याने पेरूला मीठ लावलं. फार काळजीपूर्वक लावलं. "नगरला असले पेरू मिळत नाहीत."

"नगरला इथूनच टेम्पो भरून जातात."

"...हो?"

"हो."

"मग टेम्पोत बसून चव जात असेल," तो म्हणाला. मी हसता हसता पुलावरून पडायची राहिले. त्याने माझं मनगट धरलं. पडायची भीती गेली तरी सोडलं नाही, आणि सोडलं तेव्हा चटका बसल्यासारखं सोडलं.

"ही सॅक कधी उतरवता की नाही?" मी उगीच दुसरं काहीतरी विचारलं.

"उतरवली की विसरते. मग निघताना शोधाशोध." तो नदीकडे बघायला लागला. "आणि निघायचं तर असतंच. पौषातलं आवर्तन नीट पार पडलं की मॅडम मला भंडारदऱ्याकडे पाठवतायत. डोंगरात पाऊस मोजायच्या पेट्या बसवायच्या आहेत. ते झालं की आणखी कुठे. साइट संपली, पुढची साइट."

"बरंय," मी म्हणाले.

बरं काही नव्हतं. ज्या दिवसासाठी देव पाण्यात घालून बसले होते, त्याच दिवशी हा जाणार होता. काम फत्ते झालं तर हा गेला, आणि फसलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. घरी येऊन मी अण्णांवर विनाकारण चिडले, मांजराला हाकललं आणि रात्री न जेवता झोपले. इतकं झाल्यावर मी प्रेमात पडलेय हे मांजरालासुद्धा कळलं असतं. मलाही कळलं.

पौषातलं पाणी सुटलं. अकोल्याची पेटी चढली, मग संगमनेरची. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते आमच्याकडे येणार होतं. मी आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं. लोक 'व्हय व्हय' म्हणाले आणि माना वळवून हसले. लांडगा एकदा खोटा आला होता ना.

सकाळी गाव देवळापुढच्या पारावर जमलं, पण मोटारी काढायला नाही, मजा बघायला. मी लॅपटॉप पारावर मांडला. शेजारी अण्णा उभे होते.

"मोटार मी एकदा काडली," कारभारी तात्या म्हणाले. "आता नदी सोता येऊन माज्या दाराची कडी वाजवंल तवाच काडीन."

"तात्या, फोन वाजल्यावर तासभरच मिळतो हो."

"मशीन खोटं बोलतं हे आमी बघितलंय की."

मला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात फोन वाजला. अजिनाथ. एव्हाना ए. गर्जेचा अजिनाथ झाला होता, फक्त मनातल्या मनात. तो पहाटेच्या गाडीने येऊन थेट फरशी पुलावर गेला होता.

"मी पट्टी घेऊन उभा आहे," तो म्हणाला. "गावाला मशीन खोटं वाटतं ना? मग मला विचारा म्हणावं."

मी फोन स्पीकरवर टाकून पारावर ठेवला. तात्यांनी तो उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि मला बजावलं, "तू गप बस. तोंडातून आकडा काडायचा न्हाई. मी इचारतो." मग फोनमध्ये ओरडले, "ए पोरा! कितीय पानी?"

"पंचावन्न सेंटिमीटर!"

सगळ्यांच्या माना लॅपटॉपकडे वळल्या. स्क्रीनवर शून्य पूर्णांक पंचावन्न.

"लागला असंल दगड," तात्या म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा, "आता?"

"सत्तर!"

स्क्रीनवर सत्तर.

"आता?"

"ब्याण्णव! पाणी गढूळ झालंय, काटक्या येतायत!"

स्क्रीनवर ब्याण्णव. आता कुणी हसत नव्हतं. मागची माणसं टाचा उंचावून बघायला लागली. तात्या विचारत, फोनमधून आवाज येई, आणि अख्खा पार स्क्रीन वाचून दाखवी. एक दहा. "एक दहा!" एक तीस. "एक तीस!" त्या धुकट सकाळी आम्ही दोघं एकाच नदीला दोन कडांनी मोजत होतो, आणि आज अख्खं गाव साक्षीला होतं.

"आता बोल पोरा!"

"एक पन्नास!"

आणि पारावरचे एक्केचाळीस फोन एकदम वाजले. खिशातले, कमरेचे, टोपीखालचे. इतका सुंदर कल्लोळ मी जन्मात ऐकला नव्हता. तात्या ताडकन उठले. "अरं बघताय काय? पळा! मोटारी!" माणसं उठली, चपला चुकल्या, धावाधाव सुरू झाली.

त्या गडबडीत तात्यांच्या हातातला फोन बोलला, "एक बावन्न. पाणी फरशीवर आलं. पायाला लागतंय."

"अहो, मग तिथे काय करताय? या ना बाहेर!"

"तात्या विचारतायत ना अजून." त्याच्या आवाजात चक्क हसू होतं. "आणि आपलं ठरलंय. तुम्ही सांगेपर्यंत जागा सोडायची नाही."

"अरे वेड्या, सांगतेय ना!" मी फोन हिसकावून किंचाळले. "सोड ती जागा! तुला काही झालं तर मी काय करू? सोड म्हणते ना, आत्ताच्या आत्ता सोड!"

नदीकडे धावणारी माणसं पाठमोरी थबकली, वळली. फोनमधून एक क्षण नुसतं पाणी ऐकू आलं, मग छपाक छपाक पावलं.

"...सोडली," तो म्हणाला. "काठावर आलो. काहीही झालेलं नाही."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. "मच्छिंद्रा, आदी मोटार काडू का मांडव घालू?"

"आदी मोटार," अण्णा म्हणाले आणि धोतर खोचून निघाले.

सव्वाअकरापर्यंत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मोटारी काठावर होत्या. शेवटची तात्यांची. ती वर आली आणि पाठोपाठ नदी वळणावरून आली. आधी फेसाची एक रेघ, मग लालसर पाणी, काटक्या, पाला, कुणाची तरी वरच्या गावातली चप्पल. बघता बघता पात्र भरलं. बायका ओंजळीने पाणी घेऊन डोळ्यांना लावत होत्या. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली. "लेकीनं शबुद राखला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. अण्णा लांब उभे होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, आणि ते किती वेळ पुसत राहिले हे मी बघितलं. गेल्या वर्षापासून छातीवर बसलेला धोंडा त्या पाण्याबरोबर वाहून गेला.

अजिनाथ कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला. पँट मांडीपर्यंत भिजलेली, हातात पट्टी, पाठीवर सॅक. गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या डोक्यावर तात्यांची टोपी तशीच होती.

"तुम्ही सोडा म्हणालात म्हणून सोडली जागा," तो म्हणाला. "नाहीतर..."

"तुम्ही? मघाशी अख्ख्या गावासमोर मी अरे-तुरे केलं, आता तुम्ही कसलं?"

"तू सोड म्हणालीस," तो हळूच म्हणाला. त्या 'तू'ला त्याची जीभ अडखळली.

"मी पूल सोड म्हणाले." मला वाटलं होतं माझा आवाज कापेल, पण कापला नाही. नदी जिंकून आलेल्या बाईचा आवाज कशाला कापेल? "मला सोड म्हणाले नाही. आणि ते मी कधी म्हणणारही नाही, सांगून ठेवते."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"माझ्या भाषेत त्याला चूक म्हणतात. एक जागा कायमची अडकून राहते."

"राहू दे अडकून."

तो हसला. तोंडभर, डोळ्यांसकट. "मी मॅडमशी कालच बोललो," तो म्हणाला. "भंडारदऱ्याचं काम करीन, पुढचीही करीन. पण मुक्काम कोल्हारला. तुला विचारायच्या आधीच बोललो... चाललं ना?"

"कृपया तपासून बघावे," मी म्हणाले.

"माझ्या बाजूने ठीक आहे," तो म्हणाला.

अण्णा कधी मागे येऊन उभे राहिले, आम्हाला कळलंच नाही. त्यांनी अजिनाथला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोन गावचं म्हनायचं तुमी?"

"पाथर्डीकडचा. आई-वडील ऊसतोडीला असतात. ह्या टायमाला कुठल्या फडावर हायेत ते फोन करून सांगावं लागंल."

अण्णांनी खोचलेलं धोतर सोडून नीट केलं. मग म्हणाले, "करा मंग फोन. त्यांना बी सांगा, आज काय झालं ते." आणि घराकडे वळता वळता, "चला जेवायला."

आमच्या ओसरीवर पानं मांडली गेली. पिठलं, बाजरीची भाकरी, कांदा. अजिनाथ भिंतीला टेकायला गेला आणि सॅकमुळे मधेच अडकला.

"सामान कुठं ठिवलंय तुमचं?" अण्णांनी विचारलं.

"हे काय... पाठीवरच असतं."

"मंग उतरवा की. इंचवावानी बिऱ्हाड पाठीवर घिऊन जेवत्यात व्हय कुनी?"

अजिनाथने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या खुंटीवरची अण्णांची छत्री काढून कोपऱ्यात उभी केली. त्याने एका खांद्यावरून पट्टा काढला, मग दुसऱ्या. सॅक खुंटीला अडकवली आणि हलके हलके खांदे फिरवत माझ्या समोरच्या पानावर येऊन बसला.

जेवून निघताना तो ती तिथेच विसरला. मीही आठवण केली नाही.